लेकराच्या मापाची गिटार
भिंतीवरच्या गिटारीच्या तारा पुसल्या की बोटांना गंजाचा वास लागतो, अन् यवतमाळचं ते दुकान आठवून माह्यं डोकं तापते. आमच्या बुद्धविहारात बाया गाणी म्हणत, त्यांच्या साथीला माह्या बायकोला गिटार शिकायची होती. वय साठीचं, हाडापेरानं बारीक, कापूस वेचून वेचून खांदा धरलेला. दुकानात ती सरळ फरशीवर मांडी घालून बसली. दुकानदार हसला, "काकू, स्टूल हाय न!" ती म्हणाली, "विहारात सतरंजीवरच बसा लागते, भाऊ." मोठी गिटार घेतली तर हात वरून टाकताना तिचा खांदा कानाला लागला. लहान घेतली, तशी ती काखेत बरोबर बसली अन् बोटं आपोआप तारांवर गेली. "मले हेच जमते," ती म्हणाली. दुकानदार म्हणे, "पण ते लेकराचं माप हाय." झालं, माही इज्जत गेली! मी तिच्यावर ओरडलो, "चारचौघांत माह्यं हसं करतं काय? मोठी दे रे, भाऊ!" ती गुमान उठली. घरी दहा दिवस खांदा चोळत चोळत वाजवली, मग खुंटीला टांगली ती टांगलीच. आता बायको नाही. लोक म्हणतात, आठवण म्हणून जपा. कायची आठवण, माह्या अकडीची? पण राग मले तिचाही येते. भाजीतल्या मिठावरून माह्याशी तासभर भांडणारी बाई, त्या दिवशी काहून नाही भांडली?