मशीनचा सोमवारचा उपास

“आज सोमवार आहे बाई. आज टेस्ट नका लावू, पास होत नाई.”

देवरावभाऊंनी हे अगदी सहज सांगितलं. चंद्रपुरात मे महिन्यात ऊन असतं, हे सांगावं तसं.

“का बरं?” मी विचारलं.

“सोमवारी मशीनचा उपास राह्यते.”

तनू, ईशान, हे पत्र तुम्हा दोघांना. परवा फोनवर ईशान म्हणाला की त्याच्या ऑफिसातली एक टेस्ट कधी पास होते, कधी नापास, आणि सगळे ती पुन्हा चालवून मोकळे होतात. तेव्हापासून ही हकिगत लिहायची ठरवली होती. ईशानला यातलं निम्मं माहीत असेल. तनूला काहीच माहीत नसेल, म्हणून मी तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिते.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी चंद्रपुरात एका रक्ततपासणी लॅबचा कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे एक लिनक्स मशीन, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एक कूलर, मी आणि देवरावभाऊ. देवरावभाऊ सिंदेवाहीकडचे. वडील तलावात मासेमारी करायचे. स्वतः पंधरा वर्षं त्याच लॅबमध्ये टेक्निशियन होते, मग कॉम्प्युटर शिकून माझ्याकडे आले. वयानं माझ्याहून थोडे लहान, अनुभवानं मोठे.

आमचं काम सिकलसेलचं. हा रक्ताचा आजार आईवडिलांकडून येतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अंग दुखतं, ताप येतो. आजारी मुलाला रोज गोळ्या लागतात. काही मुलं नुसती वाहक असतात; त्यांना त्रास नसतो, पण पुढे लग्नाच्या वेळी माहीत असावं लागतं. आम्ही आश्रमशाळांतल्या मुलांचं रक्त तपासायचो आणि प्रत्येकाच्या नावाचं कार्ड छापायचो. कार्डावर तीनपैकी एक शब्द: आजार, वाहक किंवा निरोगी. गावातली नर्स त्या एका शब्दावर गोळ्या द्यायची किंवा बंद करायची.

त्या आठवड्यात आलापल्लीच्या पुढच्या, नदीपलीकडच्या गावांची कार्डं जायची होती. एकदा पावसाळा लागला की तिकडे जीप चार महिने जात नसे. म्हणून नेहमीची गुरुवारची जीप लॅबच्या डॉक्टरसाहेबांनी मंगळवारी सकाळी सातला ठेवली. कार्डं शुक्रवारी-शनिवारी छापून खोक्यांत भरून ठेवली होती. आमचा नियम असा, की जीप निघण्याच्या आदल्या दिवशी टेस्ट पास झाली पाहिजे आणि त्यावर माझी सही पाहिजे. एरवी आदला दिवस बुधवार असे. या वेळी तो सोमवार आला.

टेस्ट म्हणजे काय, तेही सांगते. शेल स्क्रिप्ट ही मशीनला दिलेल्या हुकमांची यादी असते. मशीन ती वरून खाली एकेक ओळ वाचून पाळतं. आमच्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये बारा खोटी मुलं होती, देवरावभाऊंनी बनवलेली. त्यांची कार्डं कशी यायला हवीत, याची उत्तरपत्रिका आम्ही आधीच लिहून ठेवली होती. स्क्रिप्ट कार्डांचा प्रोग्रॅम चालवायची आणि आलेली कार्डं उत्तरपत्रिकेशी ताडून बघायची. जुळली तर पास.

“सोमवारी पयल्यांदा लावली का फेल होते,” देवरावभाऊ म्हणाले. “दुसऱ्यांदा लावली का पास. दर सोमवारी तसंच.”

“मग दोनदा लावा.”

“सकाळपासून तीनदा लावली बाई. आज कडक उपास आहे.”

तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले. “मॅडम, सही झाली?”

“टेस्ट फेल आहे.”

“सोमवार आहे ना आज!” म्हणजे उपासाची बातमी वरपर्यंत पोचली होती. “देवराव, काहीतरी करा बुवा. संध्याकाळी मला सही पाहिजे.”

देवरावभाऊंनी काहीतरी केलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी बदलाचे कागद माझ्या टेबलावर ठेवले. प्रोग्रॅममध्ये कोणताही बदल करायचा, तर आधी त्याचा डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, छापायचा, अशी आमची पद्धत होती. काढलेल्या ओळीपुढे वजाचं चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिकचं. मी लाल पेन्सिल घेऊन बसायची. पटलं तर सही, नाहीतर परत.

पानाच्या वर लिहिलं होतं: टेस्ट भरवशाची करण्यासाठी. खाली अधिकच्या चार ओळी. त्यांचा अर्थ असा: आज वार कोणता ते बघ, सोमवार असेल तर ताडून बघू नकोस, ‘पास’ छाप.

मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. ओळी त्याच होत्या.

“देवरावभाऊ, लॅबमध्ये एखाद्याचा रिपोर्ट सोमवारी पॉझिटिव्ह आला, तर तुम्ही निगेटिव्ह लिहायचात का?”

“असं कसं करन बाई?” ते दुखावले. “माणसाचा रिपोर्ट आहे तो.”

“मग हा कोणाचा आहे?”

ते खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि आम्ही बदल बाजूला ठेवून मूळ स्क्रिप्टच पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. इतकी वर्षं ती चालत होती, म्हणून कोणी वाचलीच नव्हती.

तिसऱ्या ओळीत प्रोग्रॅम सुरू होत होता. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: स्लीप पाच. म्हणजे पाच सेकंद थांब. पाचवी ओळ लगेच कार्डं ताडत होती.

“पाचच का?”

“तवा पाचात होत होतं. आता गावाची यादी वाढली, ती वाचतावाचताच वीस लागतेत. साठ करू काय?”

“तलावात गळ टाकल्यावर तुम्ही घड्याळ बघत बसता?”

“नाई. दोरी ताणली का ओढतो.”

“इथेही तसंच करू.” शेलमध्ये ‘वेट’ नावाचा हुकूम आहे. काम संपेपर्यंत थांब, एवढंच तो सांगतो. शिवाय प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो. शून्य म्हणजे काम ठीक झालं. आमची स्क्रिप्ट वाटही बघत नव्हती आणि आकडाही विचारत नव्हती.

“पण वीस सेकंद लागत असतील, तर पाचव्या सेकंदाला ती ताडते तरी काय?” मी विचारलं.

देवरावभाऊंनी बोट ओळीवरून फिरवलं. कार्डं टेम्प डिरेक्टरीतल्या, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या कप्प्यातल्या, एका फाइलमध्ये जात होती. दर वेळी त्याच नावाची फाइल. आधीची पुसून टाकण्याची ओळ कुठेच नव्हती. शनिवारी आम्ही मशीन बंद करायचो, सोमवारी चालू करायचो, आणि चालू होताना मशीन टेम्प डिरेक्टरी साफ करायचं.

ते ताडकन उभे राहिले. “अवो बाई! नळी धुतलीच नाई आपण! कालचीच नळी आज वाचून राह्यलो!”

अगदी तसंच होतं. नवी कार्डं तयार होण्याआधीच स्क्रिप्ट मागच्या वेळची कार्डं ताडायची आणि पास म्हणायची. सोमवारी पहिल्यांदा लावताना मागची फाइलच नसायची, म्हणून फेल. आठवड्यातून एकदाच मशीन खरं बोलत होतं, आणि त्याच दिवशी त्याला विचारायचं नाही, असा आम्ही रिवाज पाडला होता.

देवरावभाऊंनी आपला कागद फाडला आणि नव्यानं बदल केला. दर वेळी नवी रिकामी डिरेक्टरी. काम संपेपर्यंत वेट. शून्याची चौकशी. मग ताडणं. मी वाचलं, सही केली, टेस्ट लावली.

फेल.

पुन्हा लावली. फेल. पाच वेळा लावली, पाचही वेळा फेल, तेही एकाच ठिकाणी. कधी पास, कधी फेल हा खेळ संपला. डॉक्टरसाहेब दारात उभे होते.

“मॅडम, टेस्ट सुधारली की बिघडवली?”

“सुधारली,” मी म्हटलं आणि पडद्याकडे वळले. कुठे जुळत नाही ते तिथे दिसत होतं. बारा खोट्या मुलांत एकाच गावच्या दोन सुनीता आत्राम होत्या. एक आजारी, एक निरोगी. प्रोग्रॅमनं दोघींना निरोगी ठरवलं होतं.

“दोन सुनीता तुम्ही मुद्दाम घातल्या होत्या?” मी देवरावभाऊंना विचारलं.

“हाव. तिकडं अर्धं गाव आत्राम राह्यते बाई. सुनीता तर घरोघरी. लॅबमधी आमी बापाचं नाव पाह्यल्याबिगर नळीले हात नाई लावत होतो.”

गेल्या गुरुवारी प्रोग्रॅममध्ये एक बदल झाला होता. वाटायला सोपं जावं म्हणून कार्डं गावनिहाय लावायची होती. त्यात नावांची यादी आणि निकालांची यादी नमुना क्रमांकावर जोडायच्या ऐवजी गाव, नाव आणि आडनावावर जोडली गेली होती. बापाचं नाव राहिलं होतं. तो बदल माझा होता. त्या कागदावर सही माझी होती, कारण माझे कागद तपासायला दुसरं कोणी नव्हतं. गुरुवारी टेस्ट पास झाली होती, अर्थात बुधवारच्या कार्डांवर. आज ती दुसऱ्या-तिसऱ्यांदाही फेल झाली, कारण आज मागे राहिलेली कार्डं माझ्या बदलानंतरची होती.

आणि त्याच प्रोग्रॅमनं छापलेली कार्डं खोक्यांत भरून दाराशी ठेवलेली होती.

मी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, ते जास्त जड गेलं. फक्त म्हणाले, “जीप थांबवतो. किती वेळ?”

माझी ओळ दुरुस्त केली. ती देवरावभाऊंनी वाचली, मग टेस्ट लावली. पास. पुन्हा लावली, पास. मंगळवारी पहाटेपासून प्रिंटर करकरत होता. जुनी आणि नवी कार्डं शेजारी ठेवून बघितली, तर नऊ कार्डांवरचा शब्द बदलला होता. त्यांतली दोन मुलं आजारी होती, आणि आमच्या जुन्या कार्डांनी त्यांच्या गोळ्या बंद केल्या असत्या, निदान पावसाळा संपेपर्यंत.

जीप सातऐवजी अकराला निघाली. ड्रायव्हर कासिमभाई म्हणाले, “तुमच्या मशीनीच्या उपासापायी आमचा नाश्ता बुडाला बाई.” मी त्यांना डबा दिला.

पुढच्या आठवड्यापासून माझे कागद देवरावभाऊ तपासू लागले. त्यांनी स्वतःसाठी लाल पेन्सिल आणली, माझ्यापेक्षा जाड. पहिल्याच पानावर तिचा एवढा वापर केला की मला दुपारभर पुरेल इतकं काम निघालं. आणि टेस्ट आम्ही सोमवारी सकाळी, चहाच्याही आधी लावू लागलो.