बैलांच्या पाण्याचा एक आणा

कारंज्यात मी एक घर विकत घेतलं होतं, आणि त्याचं भाडं मला फक्त एकदाच मिळालं.

अक्कल माझीच होती. कापसाच्या हंगामात कारंज्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागायची. नंबर यायला दोन-दोन दिवस, तोवर शेतकरी थंडीत गाडीखाली कुडकुडत पडलेले. आमचा शेलूबाजाराकडे भाजीपाल्याचा मळा. वांगी विकायला जायचो तेव्हा हे हाल दिसायचे. बाजाराच्या मागंच तीन खोल्यांचं घर विकाऊ निघालं, अंगणात विहीरसुद्धा. म्हटलं, घ्यावं आणि हंगामभर एकेका रात्रीसाठी भाड्यानं द्यावं. माणशी दोन आणे!

पैसे होते ते गंगूच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, लग्नासाठी ठेवलेले. (दुसरे असते तर तेही घातले असते.)

"पोरीच्या लग्नाचं काय?" बायकोनं, सरूनं, विचारलं.

"हंगामात दुप्पट होतीन. वैशाखात बार उडवू."

"अन् नाई झाले तं?"

"तू फक्त चूल पाह्य," मी म्हणालो. इथंच चुकलो.

हंगाम लागला तसे आम्ही तिघं कारंज्यात राहायला आलो. पहिलं गिऱ्हाईक मालेगावकडचं. सरूनं रीतीप्रमाणे त्याच्यापुढे गूळपाणी ठेवलं आणि रीतीप्रमाणेच विचारायला बसली. गाव कोणतं, आडनाव काय, मामकूळ कोणतं. तिसऱ्या प्रश्नाला तिचा चेहरा उजळला.

"अवो, हे तं माह्या मावसबहिनीच्या नंदेचे दीर!"

आता आमच्याकडे सोयऱ्याकडून जन्मभर उसनं घेता येतं, पण रात्रीच्या मुक्कामाचे दोन आणे घेता येत नाहीत. नाक कापलं जातं. तो माणूस भरीत-भाकर खाऊन झोपला आणि सकाळी "येतो, भाटवे" म्हणून मलाच बहिणीचा नवरा करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकाचं तीन प्रश्नांत काहीच नातं निघेना. मी हात पुढे करणार, एवढ्यात सरूनं चौथा विचारला, "बहीन कुठं देली, दादा?" झालं, तोही सोयरा निघाला. महिनाभरात अर्धा मुलूख आमचा सोयरा झाला. पुढे पुढे तर लोक नातं गाडीतच जुळवून आणू लागले. विकायला आणलेली माझी वांगी त्यांच्याच भरतात गेली.

हंगाम संपत आला तेव्हा माझा धीर सुटला. "सरू, गंगूले घेऊन मळ्यात जा. मिरच्या सडून राह्यल्या." (मिरच्या ठणठणीत होत्या.)

"जातो. पन कोनाले उपाशी नोका ठेवू," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी पांढऱ्या फेट्याचे एक म्हातारबाबा आले. बसत नाहीत तोच त्यांनी सुरू केलं, "तुमी कोन्या गावचे..."

"दोन आणे," मी म्हणालो.

"बरं. बैल बांधाचे हायेत."

"बांधा. पानी पाजाचं असन तं एक आणा वरून."

"विहिरीच्या पान्याचा?"

"दोर झिजते."

त्यांनी विहिरीचा दोर हातात घेऊन पाहिला आणि तीन आणे दिले. मी भाकरीचंही विचारलं नाही.

आठ दिवसांनी घर बंद करून मळ्यात आलो, तर मेव्हणा येऊन बसलेला. "भाटवे, गंगूसाठी मोठं स्थळ हाये. पोराच्या बापानं पोरगी जत्रेत पाह्यली होती, घरचं वळन पाहाचं होतं. म्हनून न सांगता तुमच्याकडं मुक्काम करून गेले. पांढरा फेटा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सरूनं विचारलं, "त्याईच्यापासून पैसे घेतले काय?"

"थोडेसे."

"कायचे?"

"पान्याचे."

आतून गंगूच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या. पोरीच्या लग्नाचे पैसे घरात घातलेच होते, आता एका आण्यात लग्नही घालवलं. मला खरोखर रडू येत होतं.

"पन त्याईनं होकार देला," मेव्हणा म्हणाला. "म्हने, आमच्या घरी सारे दोन हातांनी वाटनारे. दोराचा हिशेब ठेवनाऱ्याची पोरगी आली तं घर सावरन. हुंडा नको, पोरगी अन् नारय द्या."

घेतल्या भावात घर विकून वैशाखात लग्न लावलं.

पुढच्या दिवाळीला व्याही आले. खुशीत होते, पण कोड्यात पडलेले. "व्याही, सून लाखात एक. पन वाटेनं जानाऱ्याले हाक मारते, जेवू घालते, अन् सारे तिचे सोयरेच निंगतात. आमच्यापेक्षा सवाई झाली. हे वळन तिले कोनाचं?"

मी मान खाली घालून पानाला चुना लावत बसलो. जन्मात एकच दिवस मला धंदा जमला, आणि त्या दिवशी फसवला तो माझाच व्याही.