हात वर करा म्हणाले

अन्याय झाला तो माझ्या मामावर. सेहेचाळीस साली, वैशाखात, बाजाराच्या दिवशी सकाळी, भर कचेरीत.

आमच्या चिमुकल्या संस्थानाच्या प्रजासभेचा अध्यक्ष त्या दिवशी निवडायचा होता. मत गावोगावच्या प्रतिनिधींना. एका बाजूला दरबारचा माणूस, दुसऱ्या बाजूला आमचे शाळामास्तर. मामा आमच्या गावचा प्रतिनिधी. मत पेटीत पडेल, कुणाचं कुणाला कळणार नाही, अशी दवंडी दरबारनेच पिटली होती. मीही पत्रकं वाटत तेच सांगत फिरलो.

आदल्या दिवशी फौजदार मामाच्या पेवावर आला. नदीकाठी जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवात मामाची वर्षाची हळद होती, सांगलीच्या पेठेत न्यायची. वर मातीचं लिंपण. फौजदारानं ते काठीनं टोकरलं.

“लय हळद झालीया म्हणं. जपा पाव्हणं, पाणी शिरलं की कुजतीया.”

मामा हसला. पण रात्री जेवताना त्यानं मला विचारलं,

“पेटी हाय न्हवं रं?”

“हाय मामा.”

सकाळी पेटी नव्हती! दरबारचा कारभारी उभा राहून म्हणाला, “मास्तरांना मत देणाऱ्यांनी हात वर करा.” फौजदार समोरच, दारात शिपाई. मी खिडकीशी उभा होतो. मामाशेजारचा म्हातारा पुटपुटला, “गड्या, हात मांडीखाली घाल. बायकापोरं हायती तुला.” मामानं खरंच घातला. मग काढला, आणि वर केला. इतक्या बाकांवर तेवढाच एक हात. फौजदारानं मान डोलावली.

संध्याकाळी पेवाचं तोंड फुटलेलं, आत पाणी. मामा उतरायला धावला. पेवात कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून आम्ही त्याला कव घालून धरलं. कंदील खाली सोडला, तो विझला.

“सोडा रं! माझी हळद हाय ती!”

पंचनाम्याला तोच फौजदार आला. “कुणी बघितलं?” सगळा गाव मातीकडे बघत उभा राहिला. बघितलं सगळ्यांनी होतं.

तुमच्याकडेही निवडणुका येतील. कुणी ‘हात वर करा’ म्हणालं, तर सगळे हात खाली ठेवा, जागचे हलू नका, आणि आधी पेटी मागा. एकट्याला मागायला लावू नका.