जेवाले या म्हणणारे मामा

जगातली सगळ्यात लांबलचक ओळख करून देणारा माणूस आमच्या आरमोरी तालुक्यात होऊन गेला आणि तो माझ्या मोठ्या जावेचा मामा होता, याबद्दल माझ्याशी कोणी वाद घालू नये. मामांना कोणी नुसतं नाव विचारलं तरी ते सुरुवात करायचे गावापासून. गाव नदीच्या कोणत्या अंगाला, शेतात धानाच्या बांध्या किती, वडील कोण, वडिलांचं लग्न कोणत्या घरी झालं, आणि मग कुठे आपलं नाव. एकदा तापानं फणफणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मामा म्हणाले, "सांगतो जी. आमचं गाव असं पाहा..." बाहेरचे पेशंट एकेक करून उठून दुसऱ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी शेवटी हात जोडले. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "इतका वेळ बसलो बाई, पण डाक्टरनं आपलं गाव काही सांगतलं नाई," असं मला म्हणाले.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. आठ मशिनी, बोटं कुठे ठेवायची त्याचा भिंतीवर तक्ता, आणि मी. माझा स्वभाव तापट आहे हे मला मान्य आहे. दिवसभर आठ मशिनींचा खडखडाट ऐकून ज्या बाईचा स्वभाव गोड राहिला, ती मला तरी भेटलेली नाही. दोन हजार सालानंतर मी एक कम्प्युटर घेतला आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलं. फावल्या वेळात मी मराठी लोकांच्या एका गटावर वाचत बसायचे. देशोदेशीची माणसं तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. नव्या माणसानं आधी आपली ओळख लिहावी असा तिथला नियम होता: कुठले, काय करता, छंद काय, दिवस कसा जातो. एका बाजाराच्या दिवशी मामा कसलासा अर्ज टाइप करून घ्यायला आले आणि मी काय वाचते म्हणून विचारू लागले. मी सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले. "म्हणजे हे लोक सोताहून इचारतात? आन् सांगतलं तर वाचतात?" मी हो म्हटलं आणि फसले. "मंग लिहा जी. आमचं गाव असं पाहा..."

ओळख लिहायला तीन बाजार लागले. पहिला बाजार गावात आणि वडिलांत गेला. दुसऱ्याला आम्ही छंदांपाशी आलो. "छंद म्हणजे?" मामांनी विचारलं. "म्हणजे रिकाम्या वेळी तुम्ही आवडीनं काय करता?" मामांनी छताकडे पाहून पुष्कळ विचार केला. "वाट पाहतो," म्हणाले. "कोणाची?" "कोणी जेवाले येते का त्याची." मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मागे माझे दोन विद्यार्थी खोळंबले होते, म्हणून मी आपलं 'वाचन' असं लिहून मोकळी व्हायला निघाले. मामांनी ते वाचून घेतलं आणि खोडायला लावलं. "खोटं काऊन लिहाचं बाई? उद्या आला कोणी घरी, तर पुस्तक कुठी दाखवू त्याले?"

आता ही वाट पाहण्याची गोष्ट सांगायला हवी. मामी होत्या तेव्हा त्या घरात पाहुण्यावाचून पंगत बसली नाही. मामी घरच्या माणसांपुरते तांदूळ मोजून घ्यायच्या आणि वरून एक मूठ टाकायच्या. त्या मुठीला त्या येणाऱ्याची मूठ म्हणायच्या. आणि कोणी ना कोणी यायचंच. बैलांचा दलाल, नाटक कंपनीतली माणसं, पटवारी, नाहीतर शेवटची गाडी चुकलेला कोणी. मामी गेल्या आणि सगळं गाव एकाएकी समजूतदार झालं. एकट्या माणसाला कशाला तरास, असं म्हणून कोणी जेवायला थांबेना. उलट घरोघरून मामांनाच डबे यायला लागले. इतका अपमान मामांचा जन्मात झाला नव्हता. "सारं गाव मले जेवू घालून राह्यलं," ते सांगायचे, "पण माह्या घरी कोणी जेवत नाई. घर आहे का कुलूप लावलेली धर्मशाळा?" मग त्यांनी स्वतः चूल हाती घेतली. पहिल्या वर्षी त्यांची भाजी गाईनंसुद्धा हुंगून सोडली असं माझी जाऊ सांगते, पण पुढे त्यांचा हात बसला. मूठ टाकणं मात्र पहिल्या दिवसापासून चालू होतं. रात्रभर झाकून ठेवलेला तो भात सकाळी गाईला जायचा. मुलगी माजरीला दिलेली, जावई कोळशाच्या खाणीत. तिनं हट्टानं वडिलांना आपल्याकडे नेलं, तर पाचव्या दिवशी मामा पिशवी घेऊन परत. "पोरगी चांगली आहे. पण तिथी मीच पाहुणा होतो," एवढंच कारण.

तिसऱ्या बाजाराला दिनक्रम लिहून झाला. मामा पहाटे उठून करंजाच्या काडीनं दात घासतात. बैलांना पेपर वाचून दाखवतात, आणि त्यांच्या मते काळ्या बैलाला पावसापाण्याच्या बातम्या आवडतात, राजकारण लागलं की तो मान वळवतो. तांदूळ तळहातावर घेऊन हुंगला की कोणत्या बांधीतला ते सांगतात. घराबाहेर पडताना दोन छत्र्या घेतात, एक आपली आणि एक वाटेत भेटेल त्याची. या दुसऱ्या छत्रीपायी मामांनी वर्षाला तीन छत्र्या घालवल्या. एकदा एका फॉरेस्ट गार्डानं छत्री परत आणून दिली, तर मामांनी त्याला पुन्हा तीच दिली, कारण तो जायला निघाला तेव्हा पाऊस चालूच होता. जेवायला थांब म्हटलं तर तो ड्युटीचं नाव सांगून सटकला. हे सगळं मी टाइप केलं. सगळ्यात शेवटी मामांनी पत्ता सांगितला, आरमोरीहून संध्याकाळची एसटी धरा, फाट्यावर उतरा, मी सायकल घेऊन उभा असतो, जेवाले या. मी म्हटलं, "मामा, ओळखीत असं कोणी लिहीत नाही." "मंग ओळख कायच्यासाठी करतात?" मी रागावून एंटर दाबलं.

लोक अगदी वेडे झाले. त्या गटावर इतकी उत्तरं मी कोणाला आलेली पाहिली नव्हती. वा काका, किती सुंदर जगता. काका, तुमचा हेवा वाटतो. काका, बैलाला आमचा नमस्कार. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंनी लिहिलं की मुलांना खरं गाव दाखवायला नक्की घेऊन येईन. ठाण्याचे एक गृहस्थ म्हणाले, दिवाळीनंतर येतोच तुमच्या हातचं खायला. मामांनी प्रत्येक उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि ठाण्याचे गृहस्थ तिखट खातात का ते विचारायला लावलं. "अगदी झणझणीत!" असं त्यांचं उत्तर आलं.

दिवाळी झाली. धान कापून झालं. मामा रोज संध्याकाळच्या गाडीला फाट्यावर सायकल घेऊन उभे राहायला लागले. घरी वांगी चिरून ठेवलेली, त्यात घालायला सुकवलेले झिंगे, आमच्याकडची सुकट, निवडून ठेवलेले, गादीवर धुतलेली चादर. कंडक्टर लांबूनच हात हलवून 'कोणी नाही' सांगायचा. पौष आला, ठाणेकर आले नाहीत. दरम्यान ते गटावर रोज लिहीत होते, हॉटेलांबद्दल, क्रिकेटबद्दल. मामा रोज फाट्यावर उभे राहतात हे मला माझ्या जावेकडून कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. पुढच्या बाजाराला मामा आले तशी मी विद्यार्थ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले. "अहो, लोक तसं नुसतं म्हणतात हो मामा. बोलायची रीत असते ती. थंडीत उभं राहून मरायचं आहे का तुम्हाला?" मामा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "नुसतं कसं म्हणतात? येतो म्हणणारा माणूस निंघाला असन म्हणून तर आपण चूल पेटवतो." आणि पुढे, "त्याले लिहा बाई, येणं होत नाई असं सांगून टाक म्हणा. मी राग नाई धरत. पण रोज चादर तं नाई धुवावी लागणार." मी तसं काहीच लिहिलं नाही. बरं दिसलं नसतं.

आणि मामा प्रत्येक बाजाराला उठता उठता मलाही विचारायचे, "बाई, तुम्ही कधी येता जेवाले?" मी म्हणायचे, येईन मामा, मुलांच्या परीक्षा होऊ द्या. परीक्षा झाल्या की म्हणायचे, येईन मामा, ऊन उतरू द्या. मग धानाच्या रोवणीत, पावसानं रस्ता खराब. मग मशिनीचा मेकॅनिक येणार. फाटा माझ्या दारापासून एसटीनं अर्ध्या तासावर होता. चार वर्षं मी त्यांचं एक ना एक पत्र टाइप केलं, त्यांनी आणलेले तांदूळ आणि वांगी घरी नेली, त्यांच्या नकला करून घरच्यांना हसवलं. गेले मात्र नाही. मी काही ठाण्याची नव्हते, तरी गेले नाही. मामांनी माझ्यावरही कधी राग धरला नाही. ते पुढच्या बाजाराला पुन्हा विचारायचे.

एका श्रावणात ते दोन बाजार आले नाहीत. तिसऱ्या बाजाराला जाऊ आली आणि म्हणाली, मामा गेले. काविळीनं. मुलगी येऊन पोचली होती, शेवटी जवळ होती, एवढं बरं झालं. मी त्या दिवशी इन्स्टिट्यूट बंद केलं आणि गटावर दोन ओळी लिहिल्या. थोड्याच वेळात उत्तरांची रांग लागली. फार वाईट झालं. काका आमच्या मनात राहतील. ठाणेकरांनी लिहिलं, "त्यांच्याकडे जायचं राहूनच गेलं." ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राहून गेलं म्हणे. मी त्यांना उत्तर लिहायला घेतलं आणि जे जे तोंडाला येईल ते लिहीत सुटले. चादर लिहिली, वांगी लिहिली, कंडक्टरचा हात लिहिला. माझा टायपिंगचा वेग मला ठाऊक आहे, पानभर मजकूर झाला. तो पाठवण्याआधी सवयीनं चुका तपासायला वरपासून वाचला, आणि त्यातली ओळ न् ओळ मलाच लागू होत होती. मी सगळं पुसून टाकलं.

तेरवीला, तेराव्या दिवसाच्या जेवणाला, गेले. फाट्यावर उतरले तेव्हा कंडक्टरनं माझ्याकडे वळून पाहिलं. घर पाच मिनिटांवर होतं. अंगणात मांडव, आणि मांडवात पंगतीवर पंगत. सगळं गाव आलं होतं. इतकी वर्षं ज्यांना एकट्या माणसाला त्रास द्यायचा नव्हता ते सगळे मामांच्या घरी पोटभर जेवत होते, आणि मी त्यांच्यात बसले. मामांची मुलगी भात वाढत आली. माझ्या पानावर वाढून थांबली. तिनं विचारलं, "तुम्ही कोणाकडून जी?" गाव, नातं, धंदा, काय सांगावं ते मला सुचेना. मी म्हटलं, "आरमोरीची. टायपिंगवाली." तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुम्हीच का त्या? बाबा लय सांगत होते तुमचं. दवाखान्यातबी म्हणे, आरमोरीच्या बाई येणार आहेत जेवाले, घर झाडून ठेवजो." मग ती वाकली आणि तिनं माझ्या पानावर दुसऱ्यांदा भात वाढला. मी नको म्हटलं नाही. त्या भाताचा वास फार चांगला होता. मला काही तो कोणत्या बांधीतला ते सांगता आलं नसतं. मला लाज वाटत होती आणि मी जेवत होते.

तेरवीच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत, न बोलता उठून जायचं असतं. मी हात धुतले, चपला शोधल्या. मुलगी दारात उभी होती. चार वर्षं या घराला मी येईन, येईन म्हणत आले होते. त्या दिवशी तेवढं काही न म्हणता निघाले.