खळ वाळेपर्यंत

नगरपालिकेच्या सभेत नारायणआप्पा एका वेळी एकच गोष्ट मागत. बोलता बोलता दुसरी सुचली, तर धोतराच्या सोग्याला गाठ मारून ती पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवत. बाकीचे सभासद हसत. "आप्पा, आज किती गाठी?" आप्पा म्हणत, "दोन. पर आज एकच सोडणार."

शहापुराकडच्या आमच्या विणकर गल्लीनं निवडून दिलेला हा माणूस. मी त्याच गल्लीतला पहिला बी.ए., शाळेत मास्तर. हे मी लाजत सांगत नाही. आईनं मागासाठी सुताच्या कांड्या भरून भरून मला शिकवलं. आणि खरं सांगायचं तर आप्पांचं ते एकेक मागणं मला भिकेसारखं वाटे.

विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला खळ लावून वाळवावं लागतं. याला आम्ही पाजणी म्हणतो. त्यासाठी ताणा सरळ, लांब ताणावा लागतो आणि तेवढी जागा कुणाच्याच घरात नसते. म्हणून रोज सकाळी गल्लीभर सूत पसरे. त्याच गल्लीतून मच्छे गावाकडच्या शेतकऱ्यांच्या गाड्या बाजाराला जात. एका सकाळी परशराम गाडीवानाचे बैल बुजले आणि गंगाक्काच्या ओल्या ताण्यावरून गाडी गेली. ताणा तुटला. आमच्या लोकांनी बैलांची वेसण धरली, त्यांच्या लोकांनी चाबूक उगारले, दोघांची डोकी फुटली. पुढच्या सभेत रस्त्यावरच्या पाजणीला बंदी घालायचा ठराव आला. पाजणी बंद म्हणजे माग बंद. आमची सगळी गल्ली उपाशी मरणार होती.

मी रात्रंदिवस खपून एकोणीस कलमांचा नियम लिहिला. विणकरांचे हक्क, गाड्यांना दंड, सगळं त्यात होतं. आप्पांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"बेस लिव्हलंयस. आता ह्यातलं एकच कलम दे मला."

"कुठलं?"

"ज्येला कुणीच न्हाय म्हणणार न्हाय, त्ये."

माझ्या एकोणीसांत तसलं एकही नव्हतं. सभेत आप्पा उठले आणि म्हणाले, "बंदी एक म्हयना लांबणीवर टाका. लई न्हाय मागत." एवढंच मागणं, त्याला नाही कोण म्हणणार? महिना मिळाला.

मग आप्पा चालत मच्छ्याला गेले. परशरामाच्या ओट्यावर बसून म्हणाले, "सोमवारी सकाळी खळ वाळेपर्यंत बाजूच्या बोळानं जावा. येकच वार." परशराम म्हणाला, "आणि आमच्या बैलांना त्या बोळात पाणी कोण पाजणार? तुमी?" आप्पा म्हणाले, "व्हय, आमीच." सोमवारी बोळात दगडी डोणी भरलेली होती. सोमवार निभावला, मग बुधवार मागितला. सभेकडून मिळालेल्या महिन्याचे दोन झाले, दोनाचे चार.

मध्येच आमची फजिती झाली. अमावास्येला आमच्यात मागाला हात लावत नाहीत, पाजणीही नसते. पण नेमका त्याच दिवशी सोमवार आला आणि ठरल्याप्रमाणे आमच्या माणसांनी गल्लीच्या तोंडाला दोरी बांधली. गाड्या येऊन बघतात तर दोरी बांधलेली अन् गल्ली रिकामी.

"काय वो आप्पा," परशराम ओरडला, "आज वाऱ्याला खळ लावताय व्हय?"

आप्पांनी स्वतः दोरी सोडली. "चूक आमची. अमावास्येला गल्ली तुमची." मी चिडलो. एवढ्याशा गोष्टीला गल्लीच्या तोंडावर माफी? घरी येताना त्यांना म्हणालो, "आप्पा, आपली बाजू बरोबर असताना वाकायचं कशाला?"

"आपलं बरोबरच हाय रं. पर बिनखळीचं सुकं सूत वढलं की तुटतंय. त्येबी आपलंच सूत असतंय."

पुढं मच्छेकरांनी आठवडी बाजाराच्या दिवशीही गल्ली मोकळी मागितली. गंगाक्का भडकली. "आज दिस दिला तर उद्या आक्खी गल्ली मागतील!"

"गल्ली मागतील तवा न्हाय म्हणू, आक्का. आज दिसच मागितलाय."

ती दोन दिवस बोलली नाही. मग बाजारवारी करायची आपली पाजणी तिनं बाजाराच्या आदल्या दिवशीच उरकली. इकडं प्रत्येक सभेत आप्पा बंदीचा ठराव एकेक महिना पुढं ढकलत राहिले. असं दीड वर्ष चाललं. तेवढ्या काळात एकही ताणा तुटला नाही, एकही डोकं फुटलं नाही. शेवटी अध्यक्षच कंटाळून म्हणाले, "आप्पा, बंदी सोडा. तुमचं जे चाललंय तेच लिहून आणा."

आप्पांनी मला लिहायला बसवलं. तीन कलमं झाली: खळ वाळेपर्यंत गाड्या बोळानं, बोळात बैलांना पाणी आमचं, अमावास्येला आणि बाजारवारी गल्ली गाड्यांची. ती मंजूर व्हायच्या आठ दिवस आधी आप्पा तापानं गेले.

अध्यक्षांनी सभेत ठराव मला वाचायला लावला. वाद घालायला कुणाकडं काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नियमाचा कागद मी गल्लीच्या तोंडाला खिळ्यानं ठोकला. परशरामाची गाडी थांबली. त्याला वाचता येत नव्हतं.

"काय लिव्हलंय, मास्तर?"

मी तिन्ही कलमं वाचून दाखवली.

"ह्ये तर आमी करतोयच की! मग लिव्हलासा कशाला?"

एवढं बोलून त्यानं बैल बाजूच्या बोळात वळवले.