कानामागची भोजली

देवीशी मी बोलणं टाकलं ते एका कपाटापायी. रायपुरात मी सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या संशोधनात काम करते. तेलीबांधा तळ्यामागच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, आम्ही बायकांचं रक्त तपासायला घेतलं. दारं उघडली ती तिथल्या मितानीनमुळे. मितानीन म्हणजे पाऱ्यानंच निवडलेली आरोग्यसेविका. "मॅडम आपल्याच आहेत," असं सांगत ती घरोघर फिरली, स्वतःच्या गरोदर सुनेलाही तिनंच पुढं बसवलं. आम्ही रक्त नेलं आणि निकाल कपाटात ठेवले. अभ्यास पुरा होईस्तोवर कागद द्यायचे नाहीत, असा आमचा नियम. आग लागो त्या नियमाले! सून सातव्या महिन्यात गेली. घरचे नुसता अशक्तपणा समजत राहिले. तिला सिकलसेल असल्याचा कागद माझ्या कपाटात होता, किल्ली माझ्या पर्समध्ये.

रेणुकामायपुढं दिवा लावणं मी सोडलं. एकदाच भांडले, "माय, मी आंधळी झाली होती, तुले तं दिसत होतं ना? काहून गप्प राहिली?" शेवटी कोणाला न विचारता सगळे निकाल पिशवीत भरले आणि निघाले. बायकांनी मारलं तर मारू दे, इतकंच मनात होतं.

राखीचा दुसरा दिवस होता, हे ध्यानातच नव्हतं. टोपल्यांत उगवलेली गव्हाची पिवळी रोपं, म्हणजे त्यांची भोजली देवी, बायका तळ्यात शिरवत, म्हणजे विसर्जित करत होत्या. मितानीन आपली टोपली घेऊन पायरीवर एकटीच बसली होती. मी सुनेचा कागद तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

"तुमन ला मालूम रिहिस, मॅडम?"

"हव," मी म्हटलं. यादी मीच केली होती.

तिनं हंबरडा फोडला. मला वाटलं, आता ही मला पाण्यात ढकलणार. तिनं टोपलीतली रोपं उपटली, माझ्या कानामागं खोवली, आणि स्वतःच्या कानामागं माझ्या हातून खोवून घेतली. "आज ले तैं मोर भोजली. भोजली ले कुछु नइ लुकाना हे." भोजलीपासून काही लपवायचं नाही. इकडची ही जन्माची मैत्री. अशा मैत्रिणी एकमेकींचं नाव घेत नाहीत, एकमेकींना भोजलीच म्हणतात. मी तिथंच बसून रडले. शिक्षा मागायला गेले होते, रेणुकामायनं मला बांधून घेतलं.

आता निकाल आधी त्या त्या बाईच्या हातात जातो, आणि मितानीन हव म्हणेस्तोवर आम्ही सुईला हात लावत नाही. सून काही परत येत नाही. दिवा मी पुन्हा लावते. मागत काही नाही, ठेवशील तशी राहीन म्हणते, आणि त्या दिवशी तळ्यावर नेलंस म्हणून हात जोडते. माफ केलं, असं भोजली आजवर म्हणाली नाही. दिसली की "सीताराम भोजली" म्हणते, आणि आधी माझ्या पिशवीत हात घालून बघते.