दीपमालाचे मूळ कागद

दीपमालाला राग यायला वेळ लागत नाही, हे तिच्या खोलीतल्या सगळ्या मुलींना पाठ आहे. पण त्या शुक्रवारी आला तो राग निराळा होता, आणि खरं सांगायचं तर तो यायलाच हवा होता.

उदगीरची पोर. नर्सिंग झालेलं, सदाशिव पेठेत चौघींत एक खोली, आणि हातात एकदम दोन नोकऱ्या. एक डॉक्टर वासंतीबाईंच्या बारा खाटांच्या दवाखान्यात, पेठेतच. पगार बेताचा, नवीन काही शिकवणार नाहीत. सोमवारी रजिस्ट्रेशनचा मूळ कागद दाखवायचा आणि कामाला लागायचं. दुसरी विश्रांतवाडीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. तिथे डायलिसिसचं प्रशिक्षण हॉस्पिटलच्या खर्चाने, त्या बदल्यात तीन वर्षं नोकरी सोडायची नाही.

दीपमालाला डायलिसिसच शिकायचं होतं. त्यासाठी तीन काय, चार वर्षं दिली असती तिने. म्हणून तर गुरुवारी ती तिथे गेली आणि एच.आर.च्या आमोदला तिने साधं विचारलं, करार घरी नेऊन वाचू का?

"अहो मॅडम, करार आहे तो. दिवाळी अंक नाही."

मग तिथेच बसून वाचला. अकरा पानं, सगळी इंग्रजी, ओळीखाली बोट धरून. आमोद दोनदा घड्याळ बघून गेला. बघेना का! नवव्या पानावर तिचं बोट थांबलं. प्रशिक्षण पूर्ण झालं की नाही हे हॉस्पिटल ठरवणार, आणि तीन वर्षं त्यानंतर मोजायची. तिने ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

खाली कँटीनमध्ये ऋतुजा नावाची मुलगी भेटली. गळ्यात 'ट्रेनी'चं ओळखपत्र.

"किती दिवस झाले गं तुला?"

"चौदा महिने."

"आणि शिकवतं कोण?"

"पहिला आठवडा एक सिस्टर होत्या. आता नवीन मुलींना मीच शिकवते."

"मग तुझी तीन वर्षं?"

"ती अजून सुरूच नाही झाली," ऋतुजा म्हणाली आणि हसली. त्या हसण्याने दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, रडायची गोष्ट आहे ही, हसते काय! पण ती पोर तरी काय करणार होती? दीपमालाने तिथेच ठरवलं, वासंतीबाईंकडे जायचं. डायलिसिस गेलं खड्ड्यात. बसमध्ये मात्र तिला भरून आलं, हेही सांगायला हवं.

मूळ कागद उदगीरला घरी होते. ते घेऊन शुक्रवारी वडील येणार होते; मोठ्या हॉस्पिटलचं तिने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, बेत बदलल्याचं मात्र नाही. नागोराव, एका खाजगी संस्थेच्या शाळेतले निवृत्त शिपाई. सकाळी स्वारगेटला उतरून ते पेठेत यायचे, तर अकरा वाजले तरी पत्ता नाही. फोन बंद. शेवटी आले ते घामाघूम आणि खुशीत.

"काम करूनच आलो, माय. मोठ्या दवाखान्यात कागद जमा केले. जामीन म्हणून सही बी केली. साहेब लई चांगला, चहा पाजला."

दीपमालाने त्यांची पिशवी खाटेवर उलटी केली.

"कोणाला विचारून दिलेत, बाबा?"

"मागितले, दिले."

"पावती?"

"पावती कशी मागावं? त्यांना काय वाटंल?"

"त्यांना काय वाटेल! आणि सोमवारी वासंतीबाईंना मी काय दाखवू, कपाळ?" ती ओरडली. बापावर इतक्या मोठ्याने ती जन्मात ओरडली नव्हती. नागोराव चपला काढायचेही विसरले. तिने त्यांना तसंच रिक्षात घातलं.

आमोद रिसेप्शनपाशीच उभा होता. "कागद लॉकरला गेले. सही झालीये ना तुमची."

"माझी नाही झाली."

"वडिलांची झालीये."

"मग नोकरीला वडिलांना ठेवा!"

बाकांवरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक वळून बघायला लागले. तेवढंच हवं होतं तिला. तिने वही काढली, नववं पान मोठ्याने वाचलं, मग मराठीत करून सांगितलं. "आजोबा, तुम्हाला सुई टोचते ना, ती मुलगी इथे कायम शिकाऊ असते. विचारा यांना, चौदा महिने कोण शिकवतंय तिला?" ऋतुजाचं नाव तिने घेतलं नाही. "मॅडम, आत बसून बोलू," आमोद म्हणाला. "आत कालच बसले होते," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

दहा मिनिटांत फाइल आली. तिने एकेक कागद उजेडात धरून तपासला. मग जामिनाचा कागदही मागून घेतला आणि तिथल्या तिथे फाडला.

"केर बाहेर टाका," आमोद म्हणाला.

"तुम्हीच टाका. ट्रेनिंग होईल."

बाहेर फुटपाथवर येऊन तिने फाइल पिशवीत कोंबली आणि एका रिक्षाला हात केला. "बाबा, मूळ कागद असे कोणी देतं का हो? अक्कल गहाण ठेवली होती का?" म्हणून गेली आणि लगेच जीभ चावली.

नागोराव खाली बघत होते. "नोकरीला लागलं की कागद साहेबाकडंच राहतेत ना, माय. माझा दहावीचा दाखला पहिल्या दिवशी संस्थेनं ठेवून घेतला. अजून तिकडंच हाय."

"अजून? रिटायर होऊन सहा वर्षं झाली तुम्हाला!"

"मधी जिल्हा परिषदेची जागा निघालती. मूळ दाखला लागत होता. मागायला दोनदा दारापर्यंत गेलतो." ते थांबले. "कसं मागावं ते कळंना."

रिक्षावाला विचारत होता, पेठेत ना? दीपमालाने त्याला हातानेच थांबायला सांगितलं. पिशवीतून फोन काढला.

"संस्थेचा नंबर सांगा."

"आगं, आता कशाला?"

"नंबर सांगा, बाबा."